गाडीला चाललेलं पाणी



आमची पद्मिनी विकली हे आता बऱ्याच जणींना कळलंय. "अगं, एवढी जुनी गाडी, कशी काय दिलीत?" असे फोनही येऊन गेले. विकली ते सांगतेच, पण त्याआधी पिरंगुटची हकीकत सांगायला हवी. एप्रिलपासून लिहायची राहिली आहे. राहिली म्हणजे मीच टाळत होते, कारण तिच्यात माझी एक चूक आहे, आणि तीही चाळीस वर्षांपूर्वीची.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली, ऑगस्ट १९७५ मध्ये. प्रीमियर पद्मिनी, रंग बदामी. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मी १९८३ मध्ये लग्न होऊन या घरात आले तेव्हा गाडी आठ वर्षांची होती, आणि मान मात्र तिला थोरल्या सुनेचा! मी सोलापूरची. वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, आपल्याच समाजातले, १८८२ चा जन्म. बंगळूरला विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजाचा आणि कुर्ल्याला मोटारीचा, असे तीन कारखाने काढायचं धाडस त्या माणसानं परक्या राज्यात केलं. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ची. त्यामुळे सासरी कुणी गाडीचं कौतुक केलं की मी आपली हळूच म्हणायची, "म्हणजे माझ्या माहेरचीच की!"

पुढे हा मान मला महाग पडला. मी बी.कॉम. झालेली, घरचा हिशेब लग्नापासून माझ्याकडे. गाडीचं खातं वेगळं ठेवलेलं. एकदा गंमत म्हणून गाडीवर घसारा काढला. गाडीची मूळ किंमत १०० रुपये धरली आणि दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा लावला, तर ५० वर्षांनी शिल्लक किती राहते माहितीये? तीन पैसे! आणि खर्च? पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. सुटे भाग मिळत नाहीत. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुन्या रबरी नळ्या खराब होतात, असं आमचे मेकॅनिक सांगतात. त्यात यांच्या गुडघ्याचं दुखणं. क्लच दाबताना चेहरा कसा होतो ते शेजारच्या सीटवरून मीच बघायची ना!

गाडीला पन्नास पूर्ण व्हायला आले तेव्हा एका हौशी संग्राहकांचा फोन आला. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी कायद्यानं व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी. पण एकदा तशी नोंद झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. हे म्हणाले, "म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची." मी म्हटलं, "मग ज्यांच्याकडे देव्हारा मोठा आहे त्यांना देऊन टाका." बोलून गेले खरी. हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देण्याआधी एकदा मुळशीला जाऊन येऊ. बाबांनी पहिली चक्कर तिकडेच मारली होती."

महावीर जयंती गुरुवारी झाली आणि शनिवारी, १२ एप्रिलला, आम्ही निघालो. त्या दिवशी हनुमान जयंती होती. डब्यात पुऱ्या, वाटली डाळ, भरली ढोबळी मिरची. गाळलेल्या, उकळलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. आणि पर्समध्ये पाणी गाळायचं फडकं, दुहेरी, पांढरं, सुती. ते माझ्या पर्समध्ये लग्नापासून असतं. फडकं बदलतं, जागा नाही.

मैत्रिणींनो, नव्या गाडीतून आपण इतक्या वेळा जातो, पण रस्त्यावर कुणी आपल्याशी बोलतं का? काचा बंद, आत एसी. पद्मिनीत एसी नाही, म्हणून काचा खाली, आणि म्हणून सगळं गाव आत! कोथरूडच्या पंपावर पेट्रोल भरणारा मुलगा वाकून बघायला लागला, "काका, गिअर कुठाय?" यांनी स्टिअरिंगपाशी असलेला दांडा दाखवला, चारही गिअर टाकून दाखवले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा कुठे त्यानं सोडलं. भूगावच्या गर्दीत अडकलो तर शेजारच्या मोटारसायकलवरचे गृहस्थ म्हणाले, "आमच्या वडिलांकडं होती हो. काळी. तिच्यातनं आमची वरात निघाली." सिग्नल नव्हता, ओळख नव्हती, पण वाहनं हलेपर्यंत त्यांनी वडिलांचा सगळा आजार सांगितला. मग हॅन्डल सोडून नमस्कार केला आणि गेले.

भुकूम मागे पडलं आणि पिरंगुटचा घाट लागला. घाट तसा छोटाच. पण तिथं आलं की मी नेहमी खिडकीबाहेर बघते आणि गप्प होते. का, ते आता सांगते.

१९८५ चा मे महिना. हीच गाडी, हाच रस्ता, तेव्हा बराच अरुंद. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं. चढावर रेडिएटर उकळला. गाडी बाजूला घेतली. खालच्या बाजूला एक घर होतं, तिथून एक बाई डोक्यावर कळशी घेऊन वर आली. कुणी हाक मारली नव्हती. वाफ दिसली म्हणून आली. तिनं अख्खी कळशी रेडिएटरला दिली, परत खाली गेली, दुसरी आणली. मग तांब्या भरून आमच्यापुढे धरला, "घ्या, ऊन लई झालंय." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही कुणाच्या घरचं पाणी घेत नाही." स्वर नेहमीचाच, तुटक. ती बाई हसली. म्हणाली, "गाडीला चालतं व्हय माझं पाणी?" आणि तांब्या उपडा करून कळशी उचलून गेली.

सासूबाई वाईट नव्हत्या. शोधलेलं, गाळलेलंच घ्यायचं हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी मरेपर्यंत पाळला. दारात आलेला माणूस उपाशी गेलेला मी त्या घरात पाहिला नाही. चूक त्यांची म्हणून मी कधी धरली नाही, माझी धरली. कारण गाळायचं फडकं माझ्या पर्समध्ये होतं. "बाई, जरा थांबा, आमचा गाळून घ्यायचा नियम आहे," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नवी सून, सासूपुढे बोलायची छाती नव्हती. पण मागे वळून "उपकार झाले" म्हणायलाही मला काही झालं होतं का?

असो. घाट उतरलो. पौडला मारुतीच्या देवळापुढे मांडव, भजन, मुलांची गर्दी. गाडी हळू झाली तशी पोरं भोवती जमली. एका आजोबांनी खिडकीतून सुंठवडा हातावर ठेवला. आलं आपल्याला चालत नाही पण सुंठ चालते, म्हणून बिनघोर घेतला. पुढे मुळशी धरणाच्या पाण्याकाठी डबा खाल्ला. हे पाण्याकडे बघत म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वी या पाण्यासाठी इथल्या लोकांनी सत्याग्रह केला." १९२१ ते २४ ची गोष्ट, सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह. टाटांचं धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. ते पाणी खाली कोकणात भिऱ्याला नेऊन त्याची वीज केली आणि ती मुंबईला गेली. मी शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. पण त्या दुपारी वेगळंच मनात आलं. ज्यांचं पाणी वीज होऊन शंभर वर्षं सगळ्यांना चाललं, त्यांच्या हातचं तांब्याभर पाणी आम्हाला चाललं नव्हतं.

परतीला निघालो तेव्हा चार वाजले होते. हिशेब असा, की साडेपाचला घरी, सहाला जेवण. सूर्यास्त सातला दहाएक मिनिटं कमी असताना. वीस वर्षं झाली, सूर्यास्तानंतर माझा चारही आहारांचा त्याग आहे, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळची बीपीची गोळीही त्याआधी घ्यायची असते.

पिरंगुट गाठेपर्यंत ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगत होती. गाव मागे पडून घाटाचा चढ सुरू झाला आणि गाडीनं दोन आचके दिले, बंद पडली. यांनी स्टार्टर मारला, चालू झाली, परत बंद. मागे हॉर्नचा गोंधळ. तेवढ्यात पाळी सुटून येणारी तीन-चार मुलं मोटारसायकली लावून धावली. "काका, तुम्ही बसा, स्टिअरिंग धरा." ढकलून कडेला लावली, एकानं ट्रकवाल्यांना हात दाखवला. बोनेट उघडलं आणि सगळे बघत उभे राहिले, कारण असलं इंजिन त्यांच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. मग एक म्हणाला, "थांबा, आबांना बोलावतो. त्यांनी मुंबईत हीच चालवलीय."

आबा आले. सत्तरी उलटलेली, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मुळशी-मावळातून मुंबईला डबेवाले गेले हे आपल्याला ठाऊक असतं. आबांचे भाऊ डबेवाले, आबा टॅक्सीवर. तीस वर्षं काळी-पिवळी पद्मिनी. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही, नुसतं तळहात वर धरून पाहिलं. "एसी पंप तापलाय. पेट्रोलची वाफ झाली, पंप ओढणार कसा? ओलं फडकं हाय का?"

मैत्रिणींनो, पर्समध्ये एकच फडकं होतं. काढून दिलं. आबांनी ते पंपाभोवती गुंडाळलं आणि माझ्या दोन्ही बाटल्यांतलं उरलेलं पाणी हळूहळू त्यावर सोडलं. फडकं काळं झालं. मी घड्याळ बघितलं, पावणेसहा.

"आता घाई करायची न्हाई," आबा म्हणाले. "निवू द्या. तापल्या गाडीनं घाट चढायला जाल तर परत मधेच उभी राहील. चला घरी."

घर रस्त्यापासून थोडं आत, परसात विहीर. एके काळी भोवती भातखाचरं होती, आता एका बाजूला कारखान्याची भिंत. आबांची सून बाहेर आली, पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या मावशी."

चाळीस वर्षांनी तसाच तांब्या समोर होता. पर्समध्ये फडकं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, पाणी तुझ्याच हातचं घेणार. पण मला ते गाळून घ्यायचा नियम आहे, आणि माझं फडकं गाडीला लागलंय. घरात एखादं स्वच्छ सुती कापड आहे का?" ती आत गेली आणि लग्नातल्या आहेराचं, घडीही न मोडलेलं उपरणं घेऊन आली. मी नको-नको म्हणतेय तोवर तिनं दुहेरी करून हंड्यावर धरलंसुद्धा. पाणी गाळलं. मग तेच उपरणं उलटं करून मी गाळलेल्या पाण्यानं धुतलं आणि ते पाणी विहिरीत सोडायला बादली मागितली. तिला नवल वाटलं. मी सांगितलं, की कापडावर अडकलेले बारीक जीव जिथले तिथे परत सोडायचे, त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. ती म्हणाली, "म्हंजे त्यास्नी घरी पोचवून येता!" आणि स्वतः बादली विहिरीत पार तळाला नेऊन हळूच उपडी केली. गोळी घेतली, पोटभर पाणी प्यायले.

मग तिनं विचारलं, "दिवस मावळायच्या आत जेवायचं असंल ना तुम्हाला?" मी बघतच राहिले. ती जवळच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहे. तिथं एक जैन मॅडम आहेत. "कांदा, लसूण, बटाटा, गाजर, काय न्हाई. ठावं हाय मला. घरात वशाट शिजत न्हाई, आबा माळकरी हायेत. तवा घासून घेते. बघा चालतंय का, न्हाई तर दूध-गूळ देते."

मी आयुष्यभर समजत आले, की नियम काय ते आपल्याला, बाकी जगाला त्याचा पत्ता नाही. ह्या बाईला माझा नियम पाठ होता, आणि तिच्या घरात माळेचा नियम आहे हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. तांदळाची गरम भाकरी, जिरं-मिरचीची फोडणी दिलेलं पिठलं, वर तुपाची धार. मी पीठ चाळून दिलं, मिरच्या निवडल्या. साडेसहाला आम्ही जेवायला बसलो. शेवटचा घास घेतला तेव्हा भिंतीवर ऊन होतं.

तुम्ही विचाराल, की माळकरी घर नसतं तर जेवली असतीस का? खरं सांगते, नसते जेवले. दूध-गूळ घेतलं असतं. नियम मी मोडला नसता. पण नाही म्हणायचीही एक रीत असते, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती.

हात धुताना मी तिला १९८५ ची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, तिला राग येईल. ती भांडी उचलत म्हणाली, "पाणी द्यायचं काम आपलं. प्यायचं का न्हाई ते त्यांचं. एवढं काय ठेवायचं मनात!" तिनं सोडून दिलं. पण ते सोडायचा हक्क तिचा नव्हता ना, त्या दुसऱ्या बाईचा होता. ती कुठे असेल, असेल की नाही, कुणास ठाऊक. आपण पर्युषणात सगळ्या जिवांची क्षमा मागतो. माझ्या डोळ्यांपुढे दरवर्षी घरची, नात्यातली माणसं येतात. यंदा पहिल्यांदा ती कळशीवाली बाई आली.

निघताना यांनी पाकीट काढलं तर आबांनी हात जोडले. "माझं मीटर कधीच पडलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीबी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली." मग जरा घुटमळून म्हणाले, "एक मागू का? घाट मी चढवू का?"

आमच्या ह्यांनी ती गाडी मुलाला सुद्धा धड चालवायला दिलेली नाही. त्यांनी किल्ली आबांच्या हातावर ठेवली. आबांनी टोपी सारखी केली, गाडीला नमस्कार केला, आणि एकाही ठिकाणी न अडखळता घाट चढवला. नातू मागून मोटारसायकलवर. मी मागच्या सीटवर होते, हे माझ्या शेजारी. अंधार पडला होता. घाटाच्या माथ्यावर आबा उतरले, बोनेटवर दोनदा थाप मारली आणि काही न बोलता नातवाच्या मागे बसून गेले. घरी येऊन मी आमचं काळं फडकं दोनदा उकळून धुतलं. डाग निघाले नाहीत.

ऑगस्टमध्ये गाडीला पन्नास पूर्ण झाली आणि आम्ही ती दिली. मला वाटलं होतं पिरंगुटनंतर माझंच मन फिरेल. फिरलं नाही. धरून ठेवण्याचं वय गेलं आमचं, आणि गाडीचंही. ती नेली त्या दिवशी खात्यावर शेवटची ओळ लिहून खातं बंद केलं. आलेली रक्कम तीन पैशांपेक्षा बरीच जास्त होती! पण जमेच्या बाजूला पिरंगुटची संध्याकाळ कुठल्या रकान्यात लिहायची, ते काही मला सुचलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही नव्या गाडीनं पिरंगुटला गेलो. वाटेत कुणी वाकून बघितलं नाही, कुणी वडिलांची गोष्ट सांगितली नाही. भूगावपाशी मी एसी बंद करून काच खाली केली. हे म्हणाले, "धूळ येतेय." म्हटलं, "येऊ दे."

फराळाचा डबा नेला होता, आबांना स्वेटर, आणि धुऊन इस्त्री केलेलं त्यांचं उपरणं. तिनं उपरणं परत माझ्या हातात दिलं. "राहू द्या मावशी. परत गाडी बंद पडली तर?"

"अगं, नवी आहे. ही नाही बंद पडत."

"मग नुसत्याच या."

मैत्रिणींनो, तुमच्याही आयुष्यात असा एखादा परत केलेला तांब्या असेल. असला तर जरूर लिहा. नियमाची लाज वाटायचं कारण नाही. पण नियम सांगताना समोरच्या माणसाकडे बघून सांगूया, एवढंच मला या वयात कळलं.

उपरणं आता माझ्या पर्समध्ये असतं.

जय जिनेंद्र.